पोटाजवळची जागा

२३ जुलै १९८१, ऐन पावसाळा. मुंबईच्या पश्चिम द्रुतगती महामार्गालगतची एक झोपडी पालिकेच्या माणसांनी मोडली आणि तिच्यातल्या नवरा-बायकोला तीन मुलींसह सेलमच्या बसमध्ये बसवून दिलं. धाकटी पाच वर्षांची होती. बाप मूळचा तमिळनाडूतला भूमिहीन मजूर. दुष्काळात हातचं काम गेलं म्हणून १९६१-६२च्या सुमारास तो मुंबईत आला. पुढे दहिसरच्या एका रसायन कंपनीत २३ रुपये रोजावर लागला. प्लास्टिक आणि ताडपत्रीच्या त्या आडोशापायी झोपडीदादाने त्याच्याकडून २,५०० रुपये उकळले होते. एकही खाडा न करता साडेतीन महिने राबावं तेव्हा एवढी रक्कम हातात यायची.

बायको-मुली सेलमलाच राहिल्या. तो मात्र कामासाठी मुंबईला परतला आणि पुन्हा फुटपाथवरच राहू लागला.

दुसरा माणूस संगमनेरचा. गावात चपला शिवून दिवसाला सात-आठ रुपये सुटायचे, पण घर म्हणावं असं जे होतं ते पडलं. मुंबईत तो ३५० रुपये महिन्यावर बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या फुटपाथवरच्या जागेसाठी गुंडाला ३०० रुपये आणि बांबू-प्लास्टिकला ७०० रुपये मोजले. फुटपाथवर राहणारे फुकट राहतात, असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

डोक्यावर छप्पर नसलेला कामकरी मुंबईला नवा नव्हता. गिरण्यांना हात हवे होते, पण त्या हातांना राहायला जागा कुठे, हा प्रश्न शहराने फार उशिरा विचारला. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे गडी ही गिरणगावातली नेहमीची गोष्ट. १८९६ला प्लेग आला, १८९८ला सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने रस्ते रुंद केले, दाट वस्त्या पाडल्या. ज्यांची घरं गेली, त्यांतल्या बहुतेकांना नव्या चाळींचं भाडं परवडत नव्हतं. १९२०च्या दशकात बीडीडी चाळी उभ्या राहिल्या, तरी सुरुवातीला त्यांतल्या कितीतरी खोल्या रिकाम्याच होत्या. पुढे पागडीने चाळीतली खोलीही नव्याने येणाऱ्याच्या आवाक्याबाहेर नेली.

मग उरला फुटपाथ. तिथून कामावर चालत जाता येई, रेल्वेच्या पासाचे पैसे वाचत. झोपड्या मोडायला पालिकेची गाडी आली की बायका ताडपत्री सोडत, भांडी गोधडीत बांधत, पोरांना घेऊन आडगल्लीत शिरत. गाडी गेली की पुन्हा तेच बांबू, तीच जागा. कामाच्या जवळची ती जागा हातची घालवणं परवडणारं नव्हतं.

१३ जुलै १९८१ला मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी फुटपाथवासीयांना हटवून गावी पाठवण्याची घोषणा केली. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही फुटपाथवासी कोर्टात गेले. वर सांगितलेल्या दोघांचे तपशील त्याच खटल्याच्या निकालपत्रात आहेत. १० जुलै १९८५ला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला. उपजीविका काढून घेतली तर माणूस जगणार कशावर? म्हणून जगण्याच्या हक्कातच उपजीविकेचा हक्क येतो, असं न्यायालयाने मान्य केलं.

पण त्याच निकालाने फुटपाथ चालणाऱ्यांसाठीच आहेत असंही ठरवलं. नोटीस न देता अतिक्रमण हटवू देणारं, पालिकेच्या १८८८च्या कायद्यातलं ३१४ कलम वैध ठरलं, फक्त सहसा आधी नोटीस द्यावी, एवढंच. झोपड्यांना ३१ ऑक्टोबर १९८५पर्यंत अभय मिळालं. १९७६च्या गणनेत ज्यांची नोंद होती, त्यांना मालवणीत किंवा सोयीच्या दुसऱ्या ठिकाणी जागा द्यायची होती. मालवणी मालाडच्याही पलीकडे, खाडीकडे. भायखळ्याला रोजंदारीवर जाणाऱ्या बाईने तिथून किती वाजता निघायचं?

त्याच वर्षी स्पार्क या संस्थेने भायखळा भागातल्या फुटपाथवरच्या सुमारे ६,००० कुटुंबांची पाहणी प्रसिद्ध केली. नोटिशीची वाट बघत बसण्यापेक्षा तिथल्या बायका एकत्र जमल्या, बचत करू लागल्या. १९८६ला त्यांची ‘महिला मिलन’ ही संघटना उभी राहिली. आपलं घर कसं असावं, हे त्यांनी स्वतः ठरवलं आणि पूर्ण मापाचं नमुना-घर बांधून लोकांना दाखवलं. छत चौदा फुटांवर होतं, मध्ये पोटमाळा. खाली स्वयंपाक, वर झोपायची जागा.