बहिणाबाईंची गाणी कोणाची?

जळगावच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात, शेतात काम करता करता त्या गाणी रचत. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ ती टिपून ठेवत. 1951 साली बहिणाबाई वारल्या. सोपानदेवांनी वही आचार्य अत्र्यांना दाखवली, 1952 साली पुस्तक निघालं. आणि काहींना शंका आली: सोपानदेव स्वतः कवी, त्यांनीच लिहिली असतील! अडाणी बाईला एवढं सुचतं का?

का नाही सुचणार? पेरणी, मळणी, उपणणी, सुगरणीचा खोपा, सगळं तिच्या डोळ्यांपुढचं, तिच्याच खानदेशी बोलीतलं. लेकाने लिहून घेतलं, एवढंच.

आमच्या संग्रामपुरातही आज्यांनी जात्यावर ओव्या रचल्या. त्यांच्याजवळ वही घेऊन कोणी बसलं नाही.