भद्रेश्वराचे इनाम आणि चामांच्या विटा

इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस भद्रवर्मा नावाच्या राजाने एका देवाला जमीन इनाम दिली आणि तो व्यवहार शिळेवर संस्कृतात कोरून ठेवला. पूर्वेस सुलह पर्वत, दक्षिणेस महापर्वत, पश्चिमेस कुचक पर्वत आणि उत्तरेस महानदी. या चतुःसीमेतील जमीन तीवर राहणाऱ्या माणसांसह भद्रेश्वरास अर्पण केली आहे, असे तो लेख सांगतो. पुढचे कलम वसुलीचे आहे. राजाचा हक्क उत्पन्नाच्या सहाव्या हिश्श्याचा. तो मेहेरबानीने दहावा केला असून तो देवाकडे भरावयाचा आहे. आपणांपैकी ज्यांच्या घरी देवस्थान इनामाचे जुने कागद असतील, त्यांना ही भाषा ओळखीची वाटेल. पण ही चतुःसीमा घाटावरची नव्हे की कोकणातली नव्हे. ती मध्य व्हिएतनाममधली आहे, दा नांग शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे ७० किलोमीटरांवर. त्या जागेस आज मी सोन म्हणतात. व्हिएतनामी भाषेत त्याचा अर्थ सुंदर डोंगर.

आम्ही तेथे गेलो ते साधे प्रवासी म्हणून. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झालेले. संस्कृत आम्हांस येत नाही. लेखाचा मजकूर पंडितांच्या भाषांतरांवरून समजून घेतला होता. 'माणसांसह' हा शब्द मात्र वाचल्यापासून मनातून जात नव्हता. राजाचे नाव शिळेवर, देवाचे नाव शिळेवर, डोंगरांचीसुद्धा नावे आहेत. दान दिल्या गेलेल्या माणसांपैकी एकाचेही नाव नाही.

चोहो बाजूंनी डोंगर, मध्ये खोलगट दरी, आणि वर मांजराचा दात म्हणतात तो सुळका. झाडीतून वळण घेतले की तांबड्या विटांचे बुरूजवजा देवालय एकदम समोर उभे राहते. चाम लोक अशा मुख्य देवळास कालन म्हणतात. समोर प्रवेशाचे गोपुर, बाजूस देवाची भांडी-सामान ठेवण्याचे कोशगृह. बी गटातल्या कोशगृहाचे छप्पर उलट्या नावेसारखे आहे. हे लोक दर्यावर्दी होते हे ध्यानात घेता त्याचे नवल वाटत नाही. सत्तराच्या आसपास इमारतींची येथे नोंद झाली होती. आज धड उभ्या अशा वीसेक भरतील.

भद्रवर्म्याचे पहिले देऊळ लाकडी असावे. ते जळाले. सातव्या शतकात शंभुवर्म्याने ते पुन्हा बांधले, या वेळी विटांचे, आणि देवाच्या नावात स्वतःचेही नाव घातले: शंभुभद्रेश्वर. राजे लोकांची ही खोड सर्वत्र सारखी. तेथून पुढे तेराव्या-चौदाव्या शतकापर्यंत एकामागून एक राजा येथे बांधीत राहिला. त्यांच्या लेखांतला काल शक संवतात दिलेला आहे, आपल्या पंचांगात चालतो तोच शक. इ. स. ६५८ मधील प्रकाशधर्म्याच्या लेखात तर कौंडिण्याची कथा आहे: द्रोणपुत्र अश्वत्थाम्याकडून मिळालेला भाला त्याने रोवला आणि नागकन्या सोमेशी लग्न लाविले.

हे सारे ऐकून आपल्याकडील श्रोत्यांची छाती फुगते. 'म्हणजे ती आपलीच वसाहत!' असे उद्गार आम्ही पुष्कळ ठिकाणी ऐकले आहेत. एकेकाळी मोठमोठे विद्वानही हाच शब्द वापरीत, डॉ. रमेशचंद्र मजुमदार यांचा चंपेवरील ग्रंथ १९२७ साली प्रसिद्ध झाला तो प्राचीन भारतीय वसाहती या मालेतच. ग्रंथ मोलाचा आहे, आम्ही स्वतः त्यावरून शिकलो. परंतु वसाहत म्हटली की एक मालक आणि एक रयत आली. चंपेत भारताच्या कोणत्याही राजाने सैन्य धाडल्याचा पुरावा नाही, सारा नेल्याचा तर नाहीच. चामांची भाषा मलाय कुळातली. चौथ्या शतकातच त्यांनी ती आपल्या लिपीवरून घेतलेल्या अक्षरांत लिहावयास आरंभ केला. त्यांनी व्यापाराच्या वाटेने आलेला शिव घेतला, लिपी घेतली, कालगणना घेतली, आणि त्यांतून जे उभारले ते त्यांचे. शेजाऱ्याकडून विरजण आणले म्हणून दही शेजाऱ्याचे होत नाही.

विटांकडे पाहिल्यावर तर याविषयी शंका राहू नये. आम्ही बोट फिरवून पाहिले: दोन विटांमध्ये चुन्याचा थर दिसत नाही, सांधा केसाएवढा. वीट विटेवर घासून बसविली की काय, झाडाची राळ लावली की काय, यावर अभ्यासकांचा वाद शंभर वर्षे चालू आहे. जी गटाचे काम करणाऱ्या इटालियन तज्ज्ञांचा कौल राळेकडे पडला. नक्षी आधी साच्यात काढलेली नाही. भिंत उभी राहिल्यावर छिन्नीने विटेवर कोरलेली आहे. एक घाव चुकला तर बसलेली वीट बदलावयाची कशी? आणि जुन्या विटा आजही तांबड्या आहेत, तर अलीकडच्या डागडुजीतल्या काही विटांवर क्षार फुटून पांढरे डाग आले आहेत. कारागिराची ही विद्या कोणत्याही पोथीत उतरलेली नाही.

१४७१ मध्ये व्हिएतनामी राजा ले थान तोंग याने चामांची राजधानी विजया घेतली. त्यानंतर मी सोनवर रान माजले. १८९८ मध्ये फ्रेंचांच्या नजरेस ते आले. लुई फिनो यांनी लेख वाचले, आंरी पार्मांतिए यांनी इमारती मोजून त्यांची चित्रे काढली आणि त्यांना ए, बी, सी अशी अक्षरे दिली. ए-१ हे सर्वांत उत्तम देऊळ. ते आम्ही पाहिले नाही, कारण ते नाही. ऑगस्ट १९६९ मध्ये, दरीत गनिमी सैनिकांचा तळ असल्याने, अमेरिकेने केलेल्या हल्ल्यात ते कोसळले. पॅरिसच्या गिमे संग्रहालयाचे फिलिप स्टर्न यांनी अध्यक्ष निक्सन यांना पत्र लिहून निषेध केला, तेव्हा कोठे स्मारके वाचविण्याविषयी हुकूम निघाला. बाँबचे खड्डे अजून आहेत. त्यांत गवत वाढले आहे, आणि वाट दाखविणारा माणूस ते देवळाइतक्याच सवयीने दाखवितो.

युद्ध संपल्यावर आधी सुरुंग काढावे लागले. मग १९८० नंतर पोलंडचा एक वास्तुतज्ज्ञ, काझिमिएझ क्विअत्कोव्स्की, येथे येऊन राहिला आणि ढासळत्या भिंती सावरीत गेला. १९९७ मध्ये व्हिएतनाममध्येच, हुए शहरी, त्याचे निधन झाले. दोन वर्षांनी युनेस्कोने मी सोनला जागतिक वारशात घेतले. आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसे २०१७ ते २०२२ पर्यंत ए, एच आणि के या गटांवर खपत होती; मे २०२० मध्ये तेथे नवव्या शतकातले वालुकाश्माचे अखंड शिवलिंग मिळाले. बातमी येथे गाजली ती लिंगाची.

आणि चाम लोक? ते संपले असे पुष्कळांस वाटते. ते दक्षिणेस फान रांगच्या बाजूस आहेत. काही शैव, काही इस्लामी वळणाचे. तेथे टेकडीवर पो क्लोंग गराईचे विटांचेच देऊळ आहे. दरवर्षी काते सणाला मुखलिंगास नवी वस्त्रे चढवितात. ती वस्त्रे चामांच्या घरी नसतात. डोंगरातले राग्लाय लोक ती वर्षभर सांभाळतात आणि सणाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत खाली घेऊन येतात.