ट्रान्सग्लुटामिनेजे

प्रथिनांच्या शृंखला एकमेकींस कायमच्या सांधणारा एंझाइमांचा एक गट. एका शृंखलेतील ग्लुटामीन व दुसरीतील लायसीन या ॲमिनो अम्लांच्या पार्श्वशाखांमध्ये ही एंझाइमे सहसंयुजी बंध निर्माण करतात. या विक्रियेत अमोनिया मुक्त होतो. पचनक्रियेतील नेहमीची प्रथिनभेदक एंझाइमे हा आडबंध तोडू शकत नाहीत. त्यामुळे अशा रीतीने सांधलेली प्रथिने चिवट व अविद्राव्य बनतात. प्राणिशरीरातील या एंझाइमांना क्रियाशील होण्यासाठी कॅल्शियम आवश्यक असते.

यांचा शोध दोन स्वतंत्र मार्गांनी लागला. पहिल्या मार्गाचा प्रारंभ रक्ताच्या गुठळीच्या अभ्यासातून झाला [⟶ रक्तक्लथन]. शुद्ध फायब्रिनोजेनावर थ्राँबिनाची क्रिया घडवून मिळविलेली गुठळी यूरियाच्या संहत विद्रावात विरघळते; रक्तद्रवापासून कॅल्शियमाच्या सान्निध्यात बनलेली गुठळी मात्र विरघळत नाही. गुठळीच्या अविद्राव्यतेस रक्तरसातील एक घटक कारणीभूत असावा, असे के. सी. रॉबिन्स यांनी १९४४ मध्ये सुचविले. १९४८ मध्ये के. लाकी व एल्. लोरांड या हंगेरियन शास्त्रज्ञांनी या घटकाचे अस्तित्व अधिक स्पष्ट केले. पुढे त्यास ‘फायब्रिन स्थिरकारी घटक’ म्हणू लागले. तथापि शरीरात त्याची कितपत गरज असते, हे दीर्घकाळ अनिश्चित राहिले.

या प्रश्नाचे उत्तर एका रुग्णाच्या तपासणीतून मिळाले. स्वित्झर्लंडमधील एफ्. डुकर्ट व त्यांचे सहकारी यांनी १९६० मध्ये जन्मजात रक्तस्रावप्रवृत्ती असलेल्या एका मुलाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या रक्तक्लथनाच्या नेहमीच्या चाचण्या निर्दोष होत्या. परंतु गुठळी यूरियात विरघळत होती. १९६३ मध्ये या घटकास रक्तक्लथनाचा तेरावा घटक म्हणून मान्यता मिळाली.

दुसरा मार्ग यकृताच्या अभ्यासाचा होय. एन्. के. सरकार, डी. डी. क्लार्क व एच्. वेल्श यांना १९५७ मध्ये गिनीपिगच्या यकृतात प्रथिनांना अमाइने जोडणारे एंझाइम आढळले. ट्रान्सग्लुटामिनेज हे नाव याच संशोधनातून रूढ झाले. १९६८ मध्ये स्थिर फायब्रिनातील आडबंध ग्लुटामीन-लायसीन प्रकारचाच असल्याचे सिद्ध झाले आणि हे दोन्ही मार्ग एकत्र आले : तेरावा घटक हा थ्राँबिनाने क्रियाशील होणाऱ्या ट्रान्सग्लुटामिनेजाचा पूर्वगामी ठरला.

या घटकाची तीव्र उणीव सु. २० लाखांत एका व्यक्तीस आढळते. ती अप्रभावी जनुकामुळे येत असल्याने निकटच्या नात्यांत विवाह होणाऱ्या समाजांत तिचे प्रमाण अधिक असते. नवजात अर्भकाच्या नाळेतून होणारा रक्तस्राव हे तिचे महत्त्वाचे लक्षण होय. मेंदूतील रक्तस्राव, जखमा सावकाश भरणे व वारंवार गर्भपात हेही परिणाम संभवतात. नेहमीच्या चाचण्यांत गुठळी वेळेत बनलेली दिसते. त्यामुळे हा रोग नजरेतून निसटू शकतो. यूरियाची स्वस्त व सोपी चाचणी तो दाखविते. मात्र तिने केवळ तीव्र उणीव ओळखता येते. घटकाचा अर्धायुकाल एक ते दोन आठवड्यांचा असल्याने सु. चार आठवड्यांनी तो शिरेतून दिल्यास रुग्णाचे संरक्षण होते. भारतीय रुग्णांतील जनुकीय दोषांचा अभ्यास मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्थेत झाला आहे.

याच गटातील दुसरे एंझाइम बाह्यत्वचेतील कोशिकांभोवती प्रथिनांचे संरक्षक कवच सांधते. त्याच्या जनुकातील दोषामुळे त्वचेवर जन्मतः खवले धरणारा एक रोग होतो, असे १९९५ मध्ये दिसून आले. गव्हातील ग्लुटेनामुळे उद्‌भवणाऱ्या सीलिॲक रोगात शरीर ऊतकांतील ट्रान्सग्लुटामिनेजाविरुद्धच प्रतिपिंडे बनविते, हे जर्मन संशोधकांनी १९९७ मध्ये दाखविले. या प्रतिपिंडांची चाचणी रोगनिदानासाठी वापरली जाते. सूक्ष्मजंतूंपासून मिळणारे व कॅल्शियमाची गरज नसलेले एंझाइम जपानी संशोधकांनी १९८९ मध्ये वर्णिले. मांसाचे तुकडे सांधणे, तसेच माशांच्या व दुधाच्या पदार्थांना घट्टपणा आणणे यांसाठी खाद्योद्योगात त्याचा उपयोग होतो.