मासेमारी बंदीत आऊटबोर्ड मशीन कसं ठेवावं? पडवीत ठेवण्याआधी हे करा

सिंधुदुर्ग : दरवर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. होड्या वर ओढल्या जातात, त्यांच्यावर झापं नाहीतर ताडपत्री पडते, जाळी दुरुस्तीला निघतात. मागे राहतं ते मशीन. बरेचजण ते होडीवरून सोडवून तसंच पडवीत भिंतीला टेकवतात आणि थेट नारळी पौर्णिमेच्या सुमारास दोरी ओढायला जातात. मशीन चालू होत नाही. झालंच तर दोन खेपांनी समुद्रात बंद पडतं. दोष मेकॅनिकला दिला जातो, पण बिघाड झालेला असतो पडवीतच. आऊटबोर्ड चालून जेवढं झिजत नाही, तेवढं आत राहिलेल्या मिठाने आणि जुन्या पेट्रोलने खराब होतं.

हे मशीन थंड राहतं समुद्राच्याच पाण्यावर. पंख्याच्या वर जी जाळी असते तिच्यातून पाणी आत येतं, रबरी इंपेलर ते वर ढकलतो, इंजिनभोवती फिरून ते बाहेर पडतं. मागून जी बारीक पिचकारी उडताना दिसते ती याच पाण्याची. मशीन बंद केलं की पाणी उतरतं, मीठ मात्र गरम भिंतींना चिकटून राहतं. रोज थोडं थोडं साठून पाण्याच्या वाटा अरुंद होतात आणि मशीन तापायला लागतं. खाडीच्या मुखाशी, जिथे लाटा फुटतात, तिथे तापून बंद पडलं तर होडी आडवी व्हायला वेळ लागत नाही. म्हणून ही देखभाल नुसती पैसे वाचवायची गोष्ट नव्हे.

मीठ काढायला गोडं पाणी लागतं. खरं तर प्रत्येक खेपेनंतर मशीन गोड्या पाण्यावर चालवावं, पण ते सगळ्यांना जमत नाही. निदान ठेवताना तरी चुकवू नये. वरून कापलेलं मोठं पिंप घ्यावं, मशीन भक्कम लाकडाला किंवा स्टँडला अडकवून खालचा भाग पिंपात सोडावा. पाणी जाळीच्या बरंच वर असलं पाहिजे. पंखा आधी काढून ठेवावा, नाहीतर पाणी उडेल आणि हातही जाईल. मशीन न्यूट्रलमध्ये, कमी वेगावर दहा मिनिटं चालवावं. हे उघड्यावर करायचं, बंद खोलीत नाही, धूर विषारी असतो. पाण्याशिवाय मशीन चालवून बघायची सवय काहींना असते. ती वाईट. कोरडा इंपेलर काही सेकंदांतच खराब होऊ शकतो.

किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं. अशा पाण्यात मशीन धुऊन काय उपयोग? आधी चव घ्यावी. मचूळ लागलं तर आतल्या वाडीतून पाणी आणावं किंवा पहिल्या पावसाचं पत्र्यावरून पिंपात धरावं.

पिचकारी बारीक झाली किंवा बंद पडली तर मशीन लगेच थांबवावं. कधी कधी कारण साधं असतं. कुंभारीण माशी त्या भोकात मातीचं घर करते. पातळ तारेने भोक मोकळं करून बघावं. तरीही धार आली नाही तर इंपेलर बदलायची वेळ झाली असं धरावं.

पेट्रोल हा दुसरा घोळ. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. उसाला दर मिळावा म्हणून ते ठीक, पण इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि कोकणातल्या पावसाळ्यात हवेत ओलाव्याशिवाय असतं काय? टाकीत दोन महिने राहिलेल्या अशा पेट्रोलमधून पाणी वेगळं होऊन तळाला बसू शकतं. कार्बोरेटरात राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर धरतो, बारीक जेट बुजतात. म्हणून पिंपात चालवताना शेवटी पेट्रोलची नळी काढावी आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावं. मग कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सोडून उरलंसुरलं भांड्यात घ्यावं. टाकीही रिकामी करावी. रॉकेलवर चालणारं मशीन असेल तर शेवटची काही मिनिटं पेट्रोलवर आणून मगच हे करावं.

आता प्लग काढावा. प्रत्येक भोकात थोडं इंजिन ऑईल सोडून दोरी तीन-चार वेळा हळू ओढावी, म्हणजे तेल आत सगळीकडे पसरतं आणि गंज धरत नाही. प्लग परत हाताने बसवून ठेवावा.

गिअर ऑईल बदलायचं काम बहुतेक ठिकाणी राहून जातं. खालच्या भागाला दोन स्क्रू असतात, एक खाली, एक वर. दोन्ही सोडले की तेल उतरतं. ते काळपट असेल तर चिंता नाही. दुधासारखं पांढरट असेल तर आत पाणी शिरलंय, सील गेलं. सील जायचं नेहमीचं कारण म्हणजे तंगूस. पंख्यामागे शाफ्टला तंगूस गुंडाळला जातो आणि सील कापतो. पंखा काढलेलाच असतो, तेव्हा तिथे बोट फिरवून बघावं. नवं तेल खालच्या भोकातून भरावं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. आधी वरचा स्क्रू लावायचा, मग खालचा.

मशीनला जस्ताचा एक तुकडा लावलेला असतो. खाऱ्या पाण्यात गंज मशीनऐवजी त्याला खातो, त्यासाठीच तो असतो. काहीजण मशीन रंगवताना त्यालाही रंग मारतात. मग तो निकामीच. अर्धा झिजला की बदलावा.

मशीन उभं ठेवावं. आडवं ठेवायचं झालंच तर पंख्याची बाजू डोक्यापेक्षा वर नको, आतलं पाणी सिलेंडरकडे उतरतं. प्लास्टिक घट्ट गुंडाळू नये, आत घाम धरतो. जुनी चादर किंवा गोणपाट बरं. आणि मशीनवरच्या नंबराचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवावा, चोरी झाली तर तक्रारीत तोच विचारतात.

होडी पुन्हा पाण्यात घालताना नवीन पेट्रोल, नवा प्लग. टू-स्ट्रोक मशीनला पेट्रोलमध्ये तेल साधारण पन्नासास एक, म्हणजे लिटरला २० मिली. रॉकेलच्या मशीनचं प्रमाण वेगळं, ते पुस्तिकेत बघावं. तेल आऊटबोर्डचंच घ्यावं. मोटारसायकलचं स्वस्त पडतं, पण ते या पाण्यावर थंड होणाऱ्या मशीनसाठी बनवलेलं नसतं. क्लँपचे स्क्रू आवळून मशीन वेगळ्या दोरीने होडीला बांधावं.

एवढं करूनही मशीन समुद्रात पडलं, तर वर काढून उन्हात वाळत ठेवू नये. हवा लागली की गंज झपाट्याने धरतो. चालू असताना बुडालं असेल तर दोरी जोर लावून ओढायची नाही, आत पाणी असेल तर दांडा वाकतो. प्लग काढून, मशीन तिरकं करून आधी पाणी उतरवावं, गोड्या पाण्याने धुवावं, तेल सोडावं आणि त्याच दिवशी मेकॅनिककडे न्यावं. लगेच मेकॅनिक मिळत नसेल, तर तो येईपर्यंत मशीन गोड्या पाण्याच्या पिंपात पूर्ण बुडवून ठेवावं.