माळ वाटला नाही, म्हणून टिकला

आज एका कुरणाचा इतिहास सांगतो. कुरण लांबचं, अमेरिकेत दक्षिण टेक्सासमधलं किंग रँच. प्रश्न मात्र आपल्याच घरातला, वाटणीचा.

रिओ ग्रांदे नदीवर बोटी चालवणाऱ्या रिचर्ड किंगने 1853 साली एका मेक्सिकन कुटुंबाच्या वारसांकडून 15,500 एकर माळ 300 डॉलरला घेतला. एकरी दोन सेंटसुद्धा पडले नाहीत. पुढच्या वर्षी दुष्काळाने गांजलेल्या एका मेक्सिकन गावातली गुरं त्याने विकत घेतली आणि माणसंही सोबत आणली. गुरं राखायचं खरं ज्ञान त्यांचं. त्यांचे वंशज पिढ्यानपिढ्या तिथेच राबले.

1885 मध्ये किंग वारला. डोक्यावर सुमारे 5 लाख डॉलर कर्ज. मृत्युपत्रात सगळी मालमत्ता पत्नी हेन्रिएटाच्या नावे. तिने तुकडे पाडले नाहीत. कारभार वकील रॉबर्ट क्लेबर्गकडे दिला, तोच पुढे जावई झाला. मोठ्या दुष्काळानंतर 1899 मध्ये खोल बोअरला पाणी लागलं, पंपाशिवाय वर आलं, आणि लांबच्या माळावरही चराई शक्य झाली.

मग अडचण जनावरांची. विलायती शॉर्टहॉर्न मांसाला चांगली, पण उन्हाला आणि गोचिडाला टिकेना. म्हणून ब्राह्मण जातीशी संकर केला. या अमेरिकन ब्राह्मण जातीत गीर, कांकरेज, ओंगोल यांच्याबरोबर आपल्या कृष्णाकाठच्या गुरांचंही रक्त आहे! 1920 साली जन्मलेल्या 'मंकी' नावाच्या लाल वळूपासून वंश पक्का केला. त्या 'सांता गर्ट्रुडिस' जातीला 1940 मध्ये सरकारी मान्यता मिळाली. असा वंश बांधायला बरीच वर्षं एकाच हाताखाली मोठा कळप लागतो. खातेफोड झालेल्या रानात ते जमत नाही.

1925 मध्ये हेन्रिएटा गेली आणि खरी परीक्षा आली. वारस अनेक, वर कर आणि कर्ज. मालमत्ता दहा वर्षं विश्वस्तांकडे राहिली. शेवटी काही वारसांनी आपला हिस्सा वेगळा घेतला. क्लेबर्ग कुटुंबाने मात्र 1934 मध्ये कंपनी केली. वारसांना शेअर मिळाले, माळ एकत्र राहिला. 1933 च्या तेल-कराराचा पैसाही कर्जाच्या कामी आला. आज तिथे सुमारे 8,25,000 एकर एकत्र कारभारात आहे.

आपल्याकडे तेल नाही, आणि सिलिंगमुळे एवढी जमीनही नाही. त्यामुळे नक्कल करायची नाही. पण एक गोष्ट पाच एकर पडीक माळालाही लागू पडते. पिकाची जमीन वाटली तरी पिकते. कुरण वाटलं की एकाकडे पाणी जातं, दुसऱ्याकडे गवत, तिसऱ्याकडे नुसता खडक. एका तुकड्याला विश्रांती देऊन दुसऱ्यात चारायची सोयच उरत नाही. गुरं त्याच त्या तुकड्यात फिरतात, गवताला बी धरायला वेळ मिळत नाही, आणि दोन-चार वर्षांत माळ उघडा पडतो.

म्हणून भावाभावांत बसून ठरवा: माळ समाईक ठेवा, कोणाची किती जनावरं आणि किती दिवस, एवढं कागदावर लिहा. बांध घालू नका. चराई वाटा, माळ वाटू नका.

तुमच्या गावात असा समाईक माळ अजून कोणी राखलाय का? कसा राखलाय, ते खाली जरूर लिहा.