न सापडलेली पेशी आणि एकाक्ष कोकरे

1925 साली बोस्टन येथील पीटर बेंट ब्रिगॅम रुग्णालयातील शल्यचिकित्सक हार्वे कुशिंग आणि त्यांचे सहकारी पर्सिव्हल बेली यांनी बालकांच्या अनुमस्तिष्कात, म्हणजे मानेच्या जरा वर असलेल्या लहान मेंदूत, उद्भवणाऱ्या एका अर्बुदाला 'मेड्युलोब्लास्टोमा' हे नाव दिले, तेव्हा त्या नावाच्या पोटी एक गृहीत होते. गर्भाच्या मेंदूत 'मेड्युलोब्लास्ट' नावाची एक आदिपेशी असते आणि तिच्यापासूनच ही गाठ वाढते, असे ते गृहीत. त्या पेशीचा तपास पुढे अनेकांनी केला. ती कोणालाही आढळली नाही. नाव मात्र वैद्यकाच्या दफ्तरी कायम झाले, ते आजतागायत.

सकाळी उठताच डोके दुखते, उलटी होते, कालपर्यंत धावणारे मूल चालताना भिंतीचा आधार शोधू लागते, ही या रोगाची पहिली लक्षणे. 1930 साली कुशिंग यांनी आपल्या 61 रुग्णांची कैफियत मांडली, तीत शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षे जगलेला रुग्ण एकच होता. पुढे संपूर्ण मेंदू व पाठीचा कणा यांवर किरणोपचार देण्याचा शिरस्ता पडला आणि मुले वाचू लागली, परंतु कोवळ्या मेंदूवर पडलेल्या त्या किरणांची झळ त्यांच्या बुद्धीला आणि उंचीला जन्मभर सोसावी लागे.

ही गाठ मुळात का वाढते, या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्या हातून आले त्यांच्यापैकी पुष्कळांच्या ध्यानीमनीही हा रोग नव्हता, ही गोष्ट मला या इतिहासातील सर्वांत मोलाची वाटते. 1950 नंतरच्या दशकात अमेरिकेच्या आयडाहो प्रांतातील मेंढपाळांच्या कळपांत कपाळाच्या मधोमध एकच डोळा असलेली कोकरे जन्मू लागली. सरकारी शेतकी खात्याने तपासासाठी शास्त्रज्ञ धाडले. त्यांपैकी लिन जेम्स यांनी तीन उन्हाळे मेंढ्यांच्या संगतीत डोंगरात काढले. अवर्षणात खालची कुरणे सुकली म्हणजे मेंढ्या उंचावर चढतात आणि तेथे मक्याच्या ताटासारखी रुंद पाने असलेली एक रानवनस्पती खातात, हे ध्यानात आले. आणि गाभण मेंढीने ती गर्भधारणेच्या चौदाव्या दिवशी खाल्ली, तर आईला विशेष काही न होता कोकरू मात्र एकाक्ष जन्मते, हेही प्रयोगांती सिद्ध झाले. त्या वनस्पतीतून वेगळ्या काढलेल्या द्रव्याला ग्रीक पुराणातील एकाक्ष राक्षसावरून 'सायक्लोपामिन' म्हणू लागले. मेंढपाळांना उपाय मिळाला: त्या दिवसांत कळप वर न्यावयाचा नाही. प्रकरण तेथेच थांबले आणि कागद तीसएक वर्षे पडून राहिले.

दुसरा धागा जर्मनीतील हायडेलबर्गचा. तेथे क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस हे दोघे समोरासमोर बसून, दोघांना एकाच वेळी पाहता येईल अशा जोडनळीच्या सूक्ष्मदर्शकाखाली फळमाशीच्या अळ्या एकेक करून तपासत. निरोगी अळीच्या अंगावर सूक्ष्म काट्यांचे पट्टे असतात व मधली कातडी गुळगुळीत असते. एका जनुकात बिघाड असलेली अळी मात्र आखूड, आणि तिच्या अंगभर काटेच काटे. साळिंदरासारख्या पण त्याहून लहान अशा युरोपीय प्राण्यावरून, 1980 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात, त्या जनुकाला 'हेजहॉग' म्हटले गेले. 1993 साली पृष्ठवंशी प्राण्यांत त्याचे भाईबंद सापडले; त्यांतील एकाला मुलांच्या व्हिडिओ खेळातील पात्रावरून 'सॉनिक हेजहॉग' हे नाव पडले. आजारी मुलाच्या आईबापांसमोर हे नाव उच्चारणे डॉक्टरांना जड जाते, आणि ते जड जावे हेच योग्य होय.

1996 साली बाल्टिमोर येथे फिलिप बीची यांच्या प्रयोगशाळेत हे जनुक नसलेले उंदराचे गर्भ तयार झाले, तेव्हा त्यांनाही एकच डोळा होता. आयडाहोची ती जुनी कागदपत्रे पुन्हा उघडली गेली, आणि दोन वर्षांत सिद्ध झाले की सायक्लोपामिन हेजहॉगचाच संदेश अडविते.

तो संदेश असा चालतो. लहान मेंदूच्या बाह्य थरात कणिकापेशींचे पूर्वज असतात. त्यांच्या खाली बसलेल्या पुर्किंये पेशी सॉनिक हेजहॉग हे प्रथिन स्रवून त्यांना विभाजनाचा हुकूम देतात, आणि जन्मानंतरही कित्येक महिने ही भरती चालू राहते. हुकूम नसेल तेव्हा 'पॅच्ड' नावाचा पहारेकरी 'स्मूदन्ड' या अंमलदाराला दाबून धरतो. हुकूम आला की पहारा उठतो, स्मूदन्ड मोकळा होतो आणि पेशीच्या केंद्रापर्यंत आज्ञा पोचते. पहारेकऱ्याचे जनुकच नष्ट झाले, तर कोणी हुकूम न देताही अंमलबजावणी चालू राहते. जी पेशी विभाजन आटोपून आत उतरावयाची ती उतरतच नाही, आणि गाठ वाढू लागते.

रॉबर्ट गॉर्लिन यांनी 1960 साली वर्णिलेल्या आनुवंशिक विकारात जबड्यात पुटी, त्वचेवर कर्करोग आणि काही बालकांत हेच अर्बुद होते. 1996 साली त्याचे मूळ पॅच्डच्या बिघाडात सापडले, आणि पुढच्याच वर्षी पॅच्डची एक प्रत गमावलेल्या उंदरांत ही गाठ दिसली. अशा बालकांना किरणोपचार दिल्यास किरण पडलेल्या त्वचेवर पुढे कर्करोगाचे ठिपके उगवतात. म्हणून उपचारापूर्वी जनुकाची तपासणी महत्त्वाची ठरली. 2012 साली मेड्युलोब्लास्टोमाचे चार प्रकार मुक्रर झाले. त्यांतील 'विंट' नावाच्या दुसऱ्या संदेशमार्गाचा प्रकार सर्वांत सौम्य, आणि हेजहॉगचा प्रकार विशेषतः तान्ह्या मुलांत व प्रौढांत आढळणारा.

स्मूदन्डला रोखणारे औषध सव्वीस वर्षांच्या एका रुग्णाला दिल्याचा वृत्तांत 2009 साली प्रसिद्ध झाला; त्याच्या शरीरभर पसरलेल्या गाठी झपाट्याने विरल्या. काही महिन्यांत त्या परतल्या, कारण स्मूदन्डनेच रूप पालटले होते. बालकांच्या बाबतीत अडचण निराळीच निघाली. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्ट्याही याच कुळातील संदेशावर चालतात, आणि औषधाने त्या अकाली बंद होतात. म्हणून हे औषध लिहिण्यापूर्वी डॉक्टर मुलाच्या हाडांचे क्ष-किरणचित्र उजेडासमोर धरतात आणि टोकाशी ती काळी रेघ अजून दिसते का, ते पाहतात. रेघ दिसली, तर औषध तहकूब होते.