मीटरमागचा मंद उजेड

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स उभी केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीची फियाट ११०० बनू लागली आणि १९७० च्या दशकात तिचेच बारसे होऊन ‘पद्मिनी’ झाली. या गाडीविषयी बोलणारे इंजिनाचे गोडवे गातात. मीटरमागचा दिवा कुणाच्या गावीही नसतो.

आमच्या पद्मिनीचा स्पीडोमीटर रात्री दिसेनासा झाला म्हणून उघडला, तर बल्ब शाबूत. त्या काळच्या अशा मीटरांत उजेड थेट आकड्यांवर पाडत नसत. डब्याच्या आतल्या पांढऱ्या रंगावरून परतवून तो तबकडीवर पसरवत. तो रंग काळवंडला होता, होल्डरलाही गंज चढला होता. बेळगावचे आमचे मेस्त्री म्हणाले, “मोठा बल्ब घाला की!” पण मोठ्या बल्बच्या धगीने प्लास्टिक वाकते. शिवाय तो मंदपणा काटकसरीचा नव्हे. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात. आंबोली घाटाच्या काळोख्या वळणावर समोर लख्ख डॅशबोर्ड असला, तर रस्त्यात बसलेले गुरू दिसायचे कसे? एलईडी तापत नाही हे खरे, पण त्याचा पांढरा झोत मला डोळ्यांत खुपतो. म्हणून गंज घासला, डब्याला आतून पांढरा हात दिला आणि पूर्वीच्याच वॅटचा बल्ब लावला.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. भंगारात असे डबे आता फार दिवस मिळायचे नाहीत. मी दोन आणून ठेवले आहेत.